आईचं काय चुकलं होतं

१२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पाकीट मिळालं. वरचं अक्षर पाहून आईने विचारलं, "कोणाचं गं?" मी म्हटलं, माझ्या दातांच्या लॅबचं आहे. म्हणजे तुझ्यापायी पहिलं खोटं बोलून झालं, हे आधी लक्षात घे.

माझं उत्तर नाही असं आहे. दादाचं रक्त तुला मिळणार नाही.

सहा वर्षं तू तिकडे परदेशात गप्प होतास, मी इथे. बाबा गेल्यावर त्यांच्याच खुर्चीत बसून तू म्हणालास, "दादाला एखाद्या संस्थेत ठेवू या, म्हणजे तुम्ही दोघी मोकळ्या व्हाल." त्यावर मी काय काय बोलले ते मला आठवतं, तुलाही आठवत असणार. त्यातला एक शब्दही मागे घ्यायला हे पत्र लिहिलेलं नाही. फोन नको म्हणतोस ते मात्र बरोबर आहे. आपण दोघं 'कशी आहेस'च्या पुढे गेलो की हमरीतुमरीवर येतो. कागदावर निदान समोरच्याला मध्येच तोडता येत नाही.

तुझ्या बायकोला चौथा महिना लागलाय हे वाचून आनंद झाला. खरंच झाला. पण पुढच्याच ओळीत तू लिहितोस, "घरात एक केस असल्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं आहे की आधी त्याची जनुकीय तपासणी झाली तर काही सांगता येईल." केस! अरे, ती केस रोज सकाळी तुझ्या शाळेच्या बुटांच्या नाड्या बांधायची, कारण सातवीपर्यंत तुला त्या बांधता येत नव्हत्या.

दादा आता कामाला जातो. हे तुला कोणी सांगितलेलं नसणार. हॉटेलांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री आहे, बसने चार थांबे. चादर प्रेसमधून गरम बाहेर येते, ती एका बाजूने हा धरतो, दुसऱ्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ, आणि दोघं घडी घालतात. दुपारी दोघं एकमेकांकडे पाठ करून चहा पितात आणि चकार शब्द बोलत नाहीत. तिथल्या मुख्य बाई मला म्हणाल्या, "यांची इतकी दोस्ती आहे की एक आला नाही तर दुसरा रुसतो." यंत्रांच्या आवाजासाठी तो कानांवर मोठे मफ लावतो. बाईंना 'वाफ' म्हणतो, त्यांच्या तोंडावर. त्यांनाही आता त्याची सवय झाली आहे.

तर, या माणसाच्या दंडातून रक्त काढून त्याची बाटली तुला पाठवायची, म्हणजे तुझं मूल त्याच्यासारखं होणार नाही याची तुला खात्री करून घेता येईल. मी हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

मी कशी आहे ते तू विचारलं नाहीस. अजून कवळ्याच करते. दिवसभर लोकांचं हसू माझ्या टेबलावर ओळीने मांडलेलं असतं, चेहऱ्याशिवाय.

ताई

६ मार्च

बारक्या,

तुझं दुसरं पत्र आलं ते मी दोनदा वाचलं आणि चिडून ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यानंतर काल जे झालं त्यामुळे लिहायला बसले आहे.

काल दुपारी तुझ्या बायकोने आईला फोन केला. तुला माहीत नसेल तर तिच्यावर डाफरू नकोस. आपल्या घरचा तो जुना फोन वाजला की आई अजून जुन्या नोकरीतल्यासारखी उचलते, पाठ ताठ करून, एकदम वेगळ्या आवाजात. मी समोरच मटार सोलत होते. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"हो, मीच बोलतेय. … अगं, 'अहो' काय म्हणतेस मला? … ताप? कधीपासून? … मग गोळी घेतलीस का? … का नाही?"

मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या वेळी ना? माझ्या वेळी ते माझ्यामुळे झालं. मी नोकरी करत होते. तू नीट राहा, म्हणजे होणार नाही." आणि रिसीव्हर जागेवर न ठेवता बाजूच्या टेबलावर ठेवून दिला, जसा कोणी चष्मा काढून ठेवतं.

मी तो उचलला. तुझी बायको अजून फोनवर होती आणि रडत होती. बारक्या, तिच्या अंगात दोन दिवस ताप होता आणि तू तिला तापाची गोळी घेऊ देत नव्हतास, कारण त्या गोळीने बाळाला ऑटिझम होतो असं तू मोबाईलवर वाचलं होतंस. मायक्रोवेव्ह तू घराबाहेर काढलास, कसल्या कसल्या बिया आणल्यास, तिला नोकरी सोडायला लावलीस. लावलीस म्हणजे तू म्हणशील की नुसतं सुचवलं. तू कसा सुचवतोस ते मला माहीत आहे. मी तिला सांगितलं, आत्ताच्या आत्ता उठ आणि तुझ्या डॉक्टरांकडे जा, ते देतील ती गोळी घे, आणि माझ्या भावाने आडकाठी केली तर फोन त्याच्या हातात दे. तिचा निरोप आला की ताप उतरला. पोटातलं बाळही ठीक आहे. बरं झालं.

आता आईचं.

मी विचारलं, "आई, तुझ्यामुळे म्हणजे काय?" ती म्हणाली, "मटार सांडतायत." मी पुन्हा विचारलं. मग तिने सांगितलं, मटारांकडेच बघत.

आपल्याला एवढंच ठाऊक होतं की आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि दादा लहान असताना तिने नोकरी सोडली. का सोडली हे आपण कधी विचारलं नाही. घरात मूल असं असलं की आई नोकरी सोडतेच, एवढंच आपल्याला वाटलं. दादा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, म्हणून आई आणि बाबा त्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी तेव्हा कडेवर होते. डॉक्टरांनी आईला तिच्या कामाबद्दल विचारलं. तिने अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही दिवसभर अख्ख्या शहराशी बोलता. घरी पोराशी बोलायला तुमच्याकडे काय उरतं?" म्हणाले, आईची ऊब मिळाली नाही की मूल असं आत मिटून जातं. आता तरी ती द्या.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"बाबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, मोठे डॉक्टर आहेत, उगाच कशाला म्हणतील."

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

तिने मटारांची सालं उचलली आणि आत गेली. बारक्या, एवढी वर्षं आपण तिघं तिच्या हातचं जेवलो आणि ती कसलं ओझं घेऊन वावरत होती, ते आपल्या गावीही नव्हतं.

मी इथल्या मोठ्या रुग्णालयात चौकशी केली आहे. जनुकांच्या तपासणीचा वेगळा विभाग आहे. मी आईला तिथे नेणार आहे. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. रक्ताचं मी ठरवणार नाही, आणि तूही नाही. ते दादा ठरवेल.

ताई

२१ मार्च

बारक्या,

दादाला विचारलं.

रविवारी बाल्कनीत बसलो होतो. मी त्याला चित्र काढून दाखवलं. हात, सुई, छोटी बाटली. सांगितलं की रक्तात बघून डॉक्टर शोधतात, तुझा मेंदू असा का घडला, माझा वेगळा का घडला. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. सुईच्या चित्राला त्याने माझ्या पेनाने अजून टोक काढलं.

"कोणासाठी?"

"बारक्याला बाळ होणार आहे. त्याला कळायला हवं आहे."

"काय?"

आता इथे मी काय सांगायला हवं होतं ते तूच सांग. मी म्हटलं, "बाळ तुझ्यासारखं असेल की कसं, ते."

खाली एक माणूस गाडी धूत होता, त्याच्याकडे दादा बघत राहिला. मला वाटलं, विषय संपला. मग म्हणाला, "माझ्यासारखं झालं तर बारक्या रागावेल?"

नाही म्हणाले असते तर तुझ्या वतीने बोलल्यासारखं झालं असतं, आणि ते खरं की खोटं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हे बारक्याला विचारायला हवं." तो म्हणाला, "विचार." म्हणून विचारते आहे. उत्तर मला पाठवू नकोस, त्याला दे.

रक्ताला तो हो म्हणाला. अटी दोन: डावा हात, आणि कामाच्या दिवशी नाही.

एक तुला सांगायचं नव्हतं, पण तू तुझ्या पत्रात मला दगड म्हणाला आहेस, म्हणून सांगते. आमच्या लॅबमध्ये पोर्सिलेनचं काम करणारा एक जण होता. दाताची छटा जुळवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. कारण तेच, जे तू आज सगळ्या जगाला विचारत सुटला आहेस. फक्त मी कोणाला विचारलं नाही. मनातल्या मनात उत्तर ठरवून मोकळी झाले. आता त्याला दोन मुली आहेत. बऱ्या आहेत म्हणे.

यावर तू काही लिहू नयेस.

ताई

४ एप्रिल

प्रिय बारक्या,

काल जाऊन आलो. सगळं लिहिते, कारण आईने जे विचारलं ते तुझ्यासाठीही आहे.

विभाग तिसऱ्या मजल्यावर. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचं यंत्र, भिंतीवर पेशीचं मोठं चित्र. ट्यूबलाइट गुणगुणत होती, म्हणून दादाने मफ लावले. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, परीक्षेला बसल्यासारखी. रक्त काढणाऱ्या मुलाने दादाला म्हटलं, "घाबरायचं नाही हं राजा." दादा म्हणाला, "मी राजा नाही. डावा हात." एवढ्यावर ते आटोपलं.

मग डॉक्टरबाईंच्या खोलीत. तिशी-पस्तिशीच्या असतील. त्यांनी दादाला आधी विचारलं, कुठे बसायला आवडेल. तो खिडकीशी बसला. त्या मला काही सांगायला लागल्या तेवढ्यात आई म्हणाली, "डॉक्टर, आधी माझं. मी नोकरी करत होते. पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत रात्रपाळ्या केल्या. नंतर त्याला सासूबाईंकडे टाकून जायचे. माझं दूध लवकर गेलं. एकदा पोटावर पडलेही होते. यातलं नक्की कशामुळे झालं?"

एका दमात. पाठ केल्यासारखं. म्हणजे ती हे स्वतःशी कितीदा म्हणून बसली असेल.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, यातल्या कशामुळेही नाही."

"मग कशामुळे?"

"तुमच्या मुलाच्या बाबतीत नेमकं कशामुळे, हे कदाचित मला कधीच सांगता येणार नाही. तपासणीतून बहुतेकांचं एकच एक कारण सापडत नाही. पण साधारण कसं होतं ते आता पुष्कळ कळलंय. बाळाचा मेंदू पोटात घडत असतो तेव्हापासूनच ही वाट वेगळी व्हायला लागते. सगळ्यांत मोठा वाटा जनुकांचा. एक जनुक नाही, शेकडो. त्यातले बारीक बारीक फरक तुमच्याकडून, त्याच्या बाबांकडून, तुमच्या आजी-पणजोबांकडून आलेले. एकेकटा फरक काहीच करत नाही, तो तुमच्यात असतो, माझ्यातही असेल. एखाद्याच्या वाट्याला ते वेगळ्या मेळाने येतात. कधीकधी आईबापांत कुणातच नसलेला बदल बाळात नव्यानेच होतो. तो कोणी करत नाही, तो होतो."

"आणि बाकीचं?"

"बाकीच्या काही गोष्टींनी शक्यता थोडी वाढते. मूल फार लवकर जन्मलं, आईबाप वयाने मोठे असले, पोटात असताना आईला फिट्सवरचं एखादं विशिष्ट औषध चालू असलं. त्यानेही शक्यता वाढते, ठरत काही नाही. लसींबद्दल लोक अजून विचारतात. लाखो मुलांवर अभ्यास झालेत. लसींचा संबंध नाही."

मी तुझ्या वतीने गोळीचं विचारलं. त्या म्हणाल्या, त्यावरून गवगवा खूप झाला, पण एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना करून पाहिलं तेव्हा गोळीचा दोष दिसला नाही. गरोदरपणात ताप अंगावर काढणं मात्र चांगलं नाही. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. हे तू भिंतीवर लिहून ठेव.

मग आईने विचारलं, अगदी हळू. "आणि आईची ऊब?"

डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्हाला असं कोणी सांगितलं होतं का?"

आईने ते वाक्य म्हणून दाखवलं. त्याच शब्दांत, त्या माणसाच्या आवाजात. एक्स्चेंजमधली माणसं आवाज विसरत नसावीत.

"काकू, तसं एकेकाळी मोठमोठ्या लोकांनी लिहिलं होतं आणि खूप डॉक्टरांनी ते मानलं. कोणी तपासून पाहिलं नव्हतं. तपासलं तेव्हा त्यात काहीच निघालं नाही. तुमचीच ही मुलगी, तुमचा धाकटा मुलगा, आई तीच होती ना?"

"ते कधी तपासलं?"

"म्हणजे?"

"हे खोटं आहे, हे कधी कळलं? मी त्याला नेलं त्यानंतर ना?"

डॉक्टरबाईंना खोटं बोलता आलं असतं. मी त्यांच्या जागी असते तर बोललेही असते. त्या म्हणाल्या, "नाही काकू. तुम्ही गेलात त्याच्या आधीच. पुष्कळ जणांना कळलेलं होतं."

"म्हणजे त्यांना माहीत असायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

बारक्या, मला वाटलं होतं आईला सुटल्यासारखं वाटेल. ती रडेल, मी तिला धरीन, आणि आम्ही घरी येऊ. तसं झालं नाही. तिचा चेहरा लाल झाला. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा इतकी रागावलेली पाहिली.

"मी त्याला रोज मिठीत घेऊन बसायचे," ती म्हणाली. "ते म्हणाले होते, घट्ट धरा, सोडू नका. तो ओरडायचा, चावायचा, निळा पडायचा. मी म्हणायचे, ऊब देतेय मी त्याला. रोज. वर्षानुवर्षं. तो माझ्याहून उंच होईपर्यंत."

खिडकीशी दादाने मफ एका कानावरून उचलला. "घट्ट," तो म्हणाला. "खूप घट्ट."

"हो रे," आई म्हणाली.

"आता नाही."

"नाही. आता नाही."

त्याने मफ परत लावला.

निघताना आई दारात थांबली. "डॉक्टर, हे मला तुमच्या कागदावर लिहून द्याल? की आईमुळे नाही म्हणून." त्यांनी लगेच पॅड ओढलं. मग आईच म्हणाली, "राहू दे. ज्यांनी ते वाचायला हवं होतं ते सगळे गेले."

बसथांब्यावर तिने तुझा विषय काढला. आपणहून. म्हणाली, "बारक्याला मी फारसं घेतलंच नाही. दोनच हात होते. दोन्ही त्या माणसाने मागून घेतले." मी म्हटलं, माझंही तेच की. ती म्हणाली, "तू मागायचीस तरी. तो मागायचा थांबला."

हे तुला कळवावं की नाही, यावर मी रात्रभर नाही, पण सकाळचा चहा होईपर्यंत विचार केला. कळवलं.

ताई

१ जून

प्रिय बारक्या,

निकाल आला आहे. काहीही सापडलं नाही. म्हणजे दादाच्या जनुकांत असं एकही ठळक काही नाही की ज्याच्यावर बोट ठेवून म्हणावं, हे बघा. डॉक्टरबाई म्हणाल्या, कारण नाही असा याचा अर्थ नाही. आजच्या घडीला आपल्याला ते वाचता येत नाही, एवढाच अर्थ. तुझ्या बाळाला शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, आणि तसं न होण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त. पोटातल्या बाळाची तपासणी करून याचं उत्तर मिळत नाही. मूल मोठं होताना त्याच्याकडे लक्ष ठेवा, बोलण्याला, बघण्याला उशीर वाटला तर लगेच दाखवा, मदत लवकर सुरू झाली तर उपयोग होतो. बस.

तुझ्या शेवटच्या पत्रातला त्रागा मला कळतो. एवढं करून हातात काय, असं तू लिहिलंस. माझ्या हातातही हेच आलं आहे. फक्त मी बराच काळ मनाशी एक पक्कं उत्तर धरून जगले, त्यापेक्षा हे बरं वाटतंय. का ते नीट सांगता येणार नाही.

आता तुझ्या फोनबद्दल. तू दादाला फोन केलास त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. माझ्या मोबाईलवर तुझा नंबर दिसला, मी मुद्दाम उचलला नाही. दादा बोलला. मला एवढंच ऐकू आलं: "हो. … हो. … चादरी. … नाही. … हो. … बरं." आणि ठेवून दिला.

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"रडत होता."

"का?"

"विचारलं नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"चादरी घडी करतो म्हणालो."

पुढे तो हात धुवायला गेला आणि नळाखाली बराच वेळ हात धरून उभा राहिला, पाणी त्याला आवडतं तसं. मग तिथूनच म्हणाला, "बारक्या रागावणार नाही." मी म्हटलं, "असं म्हणाला तो?" तो म्हणाला, "दोनदा."

तुला थँक्यू म्हणायची मला सवय नाही. इथे म्हटलं असं समज.

आई आणि तुझी बायको आता रोज बोलतात, हे तुला माहीत असेलच. मी खोलीत गेले की आई आवाज बारीक करते. परवा मात्र मोठ्याने म्हणाली, "सूनबाई, नोकरीवर परत जायचंय ना तुला? मग जा. बाळ झाल्यावर जा. कोणी विचारलं तर माझं नाव सांग." मला वाटतं, तू तिला याबाबत काही सुचवायला जाऊ नयेस.

त्याच फोनवर एक गोष्ट ठरली आहे, आणि ती मला सगळ्यांत शेवटी कळली. ती तुला तुझी बायकोच सांगेल.

ताई

२५ जून

प्रिय बारक्या,

हे पत्र आईच्या पर्समध्ये असेल. ती तुला देईल, किंवा विसरेल, मग तू मागून घे. याचा शेवटचा भाग मी विमानतळावरून परतताना बसमधून मोबाईलवर पाठवणार आहे, तो तुला आधी मिळेल. आधी कामाचं. रक्तदाबाची गोळी सकाळी. गुडघ्याचा पट्टा तिला लावायचा नसतो, लावायला सांग. 'मला काही नको' म्हणाली की तिला चहा हवा असतो. तिला माफीबिफी मागायला लावू नकोस, आणि तूही मागत बसू नकोस. विज्ञान पुरे झालं. तिला एक्स्चेंजच्या गोष्टी विचार. एकदा लाइनवर नवराबायको भांडत होते तर हिने मध्ये पडून मिटवलं होतं. मलाही हे आत्ता या महिन्यात कळलं.

एवढं घरी लिहिलं. पुढचं मोबाईलवरून.

तिला सोडलं. आत्ता बसमध्ये आहोत, मी आणि दादा. तिला वाटत होतं, दादा तिला जाऊ देणार नाही. आठवडाभर ती त्याला थोडं थोडं सांगत होती, औषध पाजल्यासारखं. आज रांगेत उभी असतानाही तेच. "मी बारक्याकडे जातेय. बाळ होईल, थोडं मोठं होईल, मग येईन. ताई आहे तुला. शर्ट वरच्या कप्प्यात आहेत."

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"मग जाऊ ना मी?"

दादा तिच्याकडे बघत म्हणाला, "तिकीट काढलंय."

ती हसली. मग डोळे पुसले, मग परत हसली. मागच्या बाईला काय वाटलं कोण जाणे. आत जाताना आईने तीनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दादाचं लक्ष सामानाच्या सरकत्या पट्ट्याकडे होतं. तिने मला लांबूनच हाताने खूण केली, राहू दे, त्याला बघू दे. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं, ते मी पुरतं सांगू शकत नाही. सुटका होती. थोडं दुखावलेपणही होतं. एवढी वर्षं जो आपल्याशिवाय मोडून पडेल असं वाटलं, तो पट्टा बघत आरामात उभा होता.

आत्ता बसमध्ये दादाने मफ काढले. म्हणाला, "आई गेली."

"हो."

"बारक्याकडे."

"हो."

त्याने थोडा विचार केला. लाँड्रीत एकाची वेळ संपली की दुसऱ्याची सुरू होते, तसं अगदी सरळ म्हणाला, "आता बारक्याची पाळी."

विमान तुमच्या सकाळी उतरेल. आधीच जाऊन उभा राहा. दाढीत ती तुला ओळखणार नाही म्हणते, तेव्हा हाक तूच मार.

ताई